हरिहररावांचं डगमगतं स्टूल

डोंबिवलीच्या हरिहरराव गुप्त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि त्यांना एक तोरा होता. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत ते कोणाला काय हवंय ते ओळखायचे. तेव्हा पातळ औषधासाठी लोक घरूनच बाटली आणत, आणि गावच्या बाटल्या हरिहररावांना पाठ. हिरवी चपटी म्हणजे आवडाबाईची. तिचे गुडघे धरलेले, त्यामुळे चपटीत मालिशचं औषध. विचारायचं कशाला?

अशा माणसाला सरकारी इन्स्पेक्टरने बजावलं, की एवढी गर्दी एकट्याने उरकायची नाही. औषध करणारा एक, तपासून देणारा दुसरा, दोघंही परीक्षा झालेले हवेत, नाहीतर परवाना विसरा. हरिहररावांचा असा तिळपापड झाला म्हणता! आयुष्य खल घोटण्यात गेलं, आणि आता आपल्यावर पहारा? पण परवान्यापुढे कोणाचं चालतं. सुमेधाबाई प्रधान कल्याणहून कंपाउंडर म्हणून, औषध तपासून द्यायला, येऊ लागल्या. त्यांना बसायला हरिहररावांनी मुद्दाम डगमगतं स्टूल दिलं. बाई त्यावर तोल सांभाळत बसत आणि प्रत्येक बाटली देताना विचारत, कोणासाठी? हरिहरराव कपाळाला हात लावत.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली आणि दुकानापुढे ही झुंबड उडाली. आवडाबाईने हिरवी चपटी पुढे सरकवली आणि गर्दीत मागे रेटली गेली. हरिहररावांनी सवयीने चपटीत मालिशचं औषध ओतलं, बूच मारलं.

सुमेधाबाईंनी आवडाबाईला पुढे बोलावून विचारलं, "कोणासाठी आहे?"

"नातवाला. ताप उतरत नाय गो त्याचा."

पोराची औषधाची बाटली फुटली होती, म्हणून तिने हिरवी घासून आणली होती. डॉक्टरांची चिठ्ठी अजून पदराच्या गाठीत होती. सुमेधाबाईंनी ती चिठ्ठी मागून घेतली, भरलेली बाटली मागे ठेवली आणि स्वच्छ नवी बाटली चिठ्ठीसकट हरिहररावांपुढे केली. आता त्यांच्या ध्यानात आलं. ते तान्हं पोर ते मालिशचं विषारी औषध प्यायलं असतं. कसंबसं मिक्स्चर करून त्यांनी ते तपासायला बाईंच्या हातात दिलं. आवडाबाई गेल्यावर ते उठले, स्वतःची खुर्ची बाईंना दिली आणि डगमगत्या स्टुलावर जाऊन बसले. कायमचे.

पुढे इन्स्पेक्टर आला तेव्हा त्याला चहा पाजून हरिहरराव म्हणाले, "साहेब, मनातल्या मनात तुम्हाला फार शिव्या घातल्या होत्या. त्या सगळ्या मागे घेतो. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

दिवाळीच्या सुमारास आवडाबाई नातवाला कडेवर घेऊन आली. पोर हिरवी चपटी काउंटरवर आपटत होतं.

"कोणासाठी?" हरिहररावांनी विचारलं.

माझ्याच गुडघ्यांसाठी, आणखी कोणाच्या, असं म्हणत ती हसली. हरिहररावांनी मालिशचं औषध ओतलं, पोराच्या गालाला हात लावला आणि बूच मारायच्या आधी बाटली सुमेधाबाईंकडे सरकवली.