कार्डांची दुसरी बाजू

काचेचं जड सन्मानचिन्ह दिसलं की मी अजूनही दोन पावलं मागं सरकतो. दोन हजार पाचच्या सुमारास नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आमच्या शेजारच्या आयरिश कोशकार आजोबांचा सत्कार होता. त्यांनी आयर्लंडमध्ये खेडोपाडी फिरून जमवलेली शब्दांची कार्डं मी सत्कार करणाऱ्या संस्थेसाठी स्कॅन केली होती. संस्थेचे अध्यक्ष अर्धा तास स्वतःच्या दूरदृष्टीवर बोलले. "कार्डं कुठंयत?" आजोबांनी विचारलं. "रद्दीत दिली, सर! आता सगळं कम्प्युटरवर." "मागच्या बाजूला शब्द सांगणाऱ्यांची नावं होती." "ती कोणाला हवीत?" अध्यक्ष हसले. आजोबांनी सन्मानचिन्ह त्यांच्या तोंडावर हाणलं. नाक फुटलं, दुसऱ्या घावाला दात पडला. मी आजोबांना मागून आवळून धरलं. "सोड मला! ती माणसं मेलीत, आता कोणाला विचारू?" लोकांनी माझी पाठ थोपटली. वेळ वाचवायला एकच बाजू स्कॅन करायचं मीच ठरवलं होतं, हे आज पहिल्यांदा लिहितोय.