शेजारणीची पेज

वडलांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम लागलं, म्हणून आम्ही नगरकडचं गाव सोडून इथं आलो. वस्तीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. विहिरीवर शेजारची म्हातारी ओरडायची, "माझ्या घागरीला शिवू नका!" आई मागं सरायची आणि सगळ्यांचं पाणी भरून होईपर्यंत उभी राहायची.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. वैऱ्यावर प्रीती करण्याचं बायबलातलं वचन मला तोंडपाठ होतं. रविवारच्या शाळेत त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती.

पुढं म्हातारीला विषमज्वर झाला. तिचा मुलगा परगावी, घरात दुसरं कुणी नाही. आईनं पेज करून माझ्यापुढं ठेवली.

"नेऊन दे."

"तिला? मी नाही जायची."

"मग रविवारी म्हणून दाखवलंस ते काय होतं?"

मी मान फिरवली. आई स्वतःच गेली आणि रोज जात राहिली. म्हातारीचं अंग पुसून द्यायची, लुगडी धुवायची. तिसऱ्या आठवड्यात आईलाच ताप भरला, आणि ती त्यातून उठली नाही.

आईला पुरून आल्यावर वडील भिंतीकडं तोंड करून बसले. पलीकडून म्हातारीचा क्षीण आवाज आला, "पोरी, तुजी आई का येत न्हाई गं?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी चूल पेटवली, पेज केली आणि घेऊन गेले. तिनं वाटी धरल्यावर मी सांगितलं. ती रडली. मला रडू आलं नाही. मनात प्रीती नव्हती, नुसता राग होता. ती हिंडूफिरू लागेपर्यंत मी रोज गेले, त्या रागासकट.