तीन दुरड्या आणि वाघीण

"हाका थांबवा साहेब! वाघ नाय, वाघीण हाय. संगं दोन पिल्लं हायेत."

मी ओरडलो अन् आमच्या खात्याच्या साहेबांचा चहा बशीतच राहिला. शेजारी जहागीरदार बंदूक पुसत बसलेले. पिशोरच्या डोंगरात गावकरी ढोल घेऊन तयार. ढोल बडवून जनावर मचाणाकडं हाकलायचं, त्याला हाका म्हणायचे.

निजामाच्या जंगल खात्यात मी नाकेदार, म्हणजे जंगलाचा राखणदार होतो. शिकारीच्या परवान्यावर स्वच्छ लिहिलेलं असायचं, पिल्लांची आई मारायची नाही.

"तुला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"तिच्या पायांनी."

जहागीरदार हसले. "शेर के पाँव बाताँ करते क्या?"

"करते सरकार. सुननेवाला होना."

साहेब हसले नाहीत. "माग दाखव. नाही दिसला तर आजच पट्टा उतरवून ठेव."

आमचं काम असं. संध्याकाळी पाणवठ्याची वाट फांदीनं झाडायची, सकाळी तिच्यावरून कोण गेलं ते बघायचं. नराचा पंजा चौकोनी, मादीचा लांबट. त्या सकाळी लांबट पंजाच्या दोन्ही बाजूंना वाटीएवढे पंजे होते. तीन चांगले ठसे निवडले, त्यांवर बांबूच्या दुरड्या पालथ्या घातल्या अन् साहेबांकडं पळत सुटलो. दुरड्यांवर धोंडे ठेवायचं मात्र साफ विसरलो. गावची सगळी शेरडं त्याच वाटेनं जायची!

आम्ही पोचलो. सगळी वाट तुडवलेली.

"गई तुम्हारी शेरनी," जहागीरदार म्हणाले.

पण पुढं तिन्ही दुरड्या जागच्या जागी. वर कुंकू, भोवती गोट्यांचं रिंगण. शेरडं राखणारी गंगूबाई कुंकवानं माखलेल्या हातात काठी आडवी धरून ओरडत होती, "पाय नका लावू रं! वाघोबा मांडलाय कुणीतरी!"

वाघोबा म्हणजे आमच्या डोंगरातला देव.

"अवं गंगूबाई, दुरड्या माझ्या हायेत."

"गप ऱ्हाय मुडद्या! देवाला माझं म्हनतोस व्हय?"

साहेबांनी बूट काढले, हात जोडले, तेव्हा कुठं तिनं काठी बाजूला घेतली. मी दुरड्या उचलल्या. एकीखाली आई, उरलेल्या दोहोंखाली पिल्लं. साहेबांनी उकिडवं बसून तिन्ही ठसे वितीनं मोजले.

"हाका बंद."

"परवाना है मेरे पास!" जहागीरदार तडकले.

"उसी पे लिखा है, हुजूर," साहेब म्हणाले.

मला नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात आठवलं, चार दिवसांमागं गंगूबाईचा बोकड ह्याच वाघिणीनं नेलेला. लपवणं बरं वाटेना. सांगून टाकलं.

तिनं मला सोडून वाघिणीलाच दोन शिव्या हासडल्या. मग रिंगणातला एक गोटा नीट लावत म्हणाली, "नेला तर नेला. लेकुरवाळी हाय, पोरास्नी काय माती चारल? पुढचा बोकड पाटलाचा ने म्हनावं."

पुढं नोकरीभर माझ्या झोळीत कुंकवाची पुडी असायची. ठसा राखायला धोंड्यापेक्षा ती बरी.