समोरच्यांकडे आहे का?

इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूत, शनिवारी कुणाच्याही घरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणतंच, "अवि, तुमच्या ऑफिसचा तो किस्सा सांग ना!" आता 'तो' म्हणजे कुठला, हे मलाच उलटं विचारावं लागतं. चेहरा बघून फोन अनलॉक करायचा, एवढंच आमच्या टीमचं काम. पण एवढ्याशा कामात इतके किस्से साठलेत की एक सांगायला घेतला की त्याला चिकटून दुसरा येतो, आणि मंजिरी, म्हणजे माझी बायको, जॅकेट घालून दारात उभी राहते. सध्या ती पुण्याला माहेरी गेलीय. तेव्हा आज सगळे सांगतो!

आधी एक गोष्ट. आमची कंपनी फोन बनवते. रस्त्याच्या पलीकडे दुसरी कंपनी आहे, तीही फोनच बनवते. नावं घेत नाही, दोघांचेही वकील फार तत्पर आहेत. आम्ही त्यांना 'समोरचे' म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात कोण जाणे. पण दुपारी सगळे एकाच टाको ट्रकच्या रांगेत उभे असतो आणि एकमेकांच्या हातातल्या फोनकडे चोरून बघत असतो.

*

आमचा बॉस ब्रॅड. माणूस मनाने चांगला, पण त्याच्याजवळ एकच प्रश्न आहे. "समोरच्यांकडे आहे का?"

तुम्ही काहीही नवीन सुचवा. समोरच्यांकडे नाही म्हटलंत, की ब्रॅड म्हणणार, "मग कुणाला नकोच असेल." आहे म्हटलंत, की म्हणणार, "मग आपल्याकडे अजून का नाही?"

समोरच्यांनी चेहऱ्याने उघडणारा फोन बाजारात आणला, त्याच आठवड्यात ब्रॅडने तो विकत आणून मीटिंगच्या टेबलावर ठेवला. "मला सेम हेच पाहिजे. पण वेगळं पाहिजे."

आमच्या टीममध्ये स्नेहल मेश्राम आहे. नागपूरची, अतिशय हुशार, आणि मनातलं तोंडावर बोलणारी. तिने विचारलं, "वेगळं म्हणजे किती वेगळं?"

ब्रॅडने खरंच विचार केला. "वकिलांना वेगळं वाटेल इतकं. आणि गिऱ्हाइकाला सेम वाटेल इतकं."

स्नेहल मला मराठीत म्हणाली, "यार, हा माणूस पगार कशाचा घेतो?" आणि ब्रॅडकडे बघून गोड हसली.

*

समोरचेही काही कमी नव्हते बरं का!

आमचा डिझायनर काइल एकदा एका हाताने बरिटो खात दुसऱ्या हाताने स्क्रीनवर काम करत होता. त्यात कुलपाचं चित्र मधून सरकून डावीकडे गेलं. नंतर जागेवर आणायचं तो साफ विसरला, आणि फोन तसाच बाजारात गेला. काइलने दोन दिवस आमच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

दोन महिन्यांनी समोरच्यांचा नवा फोन आला. त्यांचंही कुलूप डावीकडे! अगदी तेवढंच सरकलेलं.

ब्रॅड खूश. "बघा! आता त्यांच्याकडेही आहे. म्हणजे आपलं बरोबरच होतं!" काइलला प्रमोशन मिळालं. बरिटोचा विषय तो आजही काढू देत नाही.

*

आमची पहिली आवृत्ती मात्र अगदीच बोंब होती. मला चष्मा आणि दाढी आहे, आणि लॉबीतल्या सिक्युरिटी गार्डलाही. आम्ही दोघं एकमेकांचे फोन बिनदिक्कत उघडत होतो. तो मला सकाळी म्हणायचा, "गुड मॉर्निंग, ब्रदर!"

पण खरी फजिती झाली ती वरच्या साहेबांसमोर. ब्रॅडने स्वतःचा फोन हातात घेतला, सगळ्यांकडे बघून छान हसला, आणि फोन चेहऱ्यासमोर धरला. उघडेना. पुन्हा हसला. उघडेना. तिसऱ्या वेळी तो इतका चिडला की कानापर्यंत लाल झाला, आणि फोन टक्कन उघडला!

झालं असं होतं, की ब्रॅडने फोनला ओळख म्हणून पहिल्यांदा आपला चेहरा दाखवला होता तो एका मीटिंगच्या मध्येच, माझ्यावर ओरडताना. फोनला वाटलं, हाच याचा चेहरा.

हसू दाबून दाबून आमची पोटं दुखली. पण साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "सहा आठवडे देतो. तुमचा फोन आणि समोरच्यांचा फोन, शेजारी शेजारी टेस्ट होईल. हरलात तर ही गोष्ट बाहेरून विकत घेऊ, आणि टीम बंद."

माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं. मी कुठेतरी चिकटलो असतो. स्नेहल वर्क व्हिसावर. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. आणि तिची आई चार दिवसांनी पहिल्यांदाच अमेरिकेत येत होती. स्नेहल म्हणाली, "अवि, आईला काही बोलू नकोस. ती लेकीचं ऑफिस बघायला येतेय."

*

स्नेहलची आई, म्हणजे कुसुमकाकू. नागपुरात मुख्याध्यापिका होत्या. कॉटनची साडी, वर जॅकेट, खाली स्पोर्ट्स शूज, आणि आवाज असा की पार्कमधली अनोळखी मुलंही रांगेत चालायला लागायची.

स्नेहलने हौसेने आईला आमचाच फोन दिला. काकूंनी तो समोर धरला आणि आपल्याकडची मोठी माणसं कॅमेरा दिसला की करतात तेच केलं. मान ताठ, ओठ घट्ट, डोळे मोठे, श्वास बंद. पासपोर्टचा फोटो! फोनने तो चेहरा अर्ध्या सेकंदात टिपला.

त्या दिवसापासून फोन फक्त त्याच चेहऱ्याला उघडायचा.

घरी ठीक होतं. पण एकदा किराणा दुकानात पैसे फोनने द्यायचे होते. काकूंनी काउंटरवर फोन धरला, श्वास रोखला, डोळे वटारले. काउंटरवरची मुलगी घाबरून म्हणाली, "मॅम, आर यू ओके? पाणी आणू?"

काकू श्वास रोखून होत्या, उत्तर कसं देणार? मुलीने मॅनेजरला हाक मारली. फोन उघडल्यावर काकूंनी श्वास सोडला आणि स्नेहलला म्हणाल्या, "काहून घाबरून राहिली ही? मी तं नुसते पैसे देऊन राहिले!"

*

त्या रविवारी मी स्नेहलकडे गेलो होतो. ती लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. काकूंनी मला चहा दिला आणि विचारलं, "हा फोन इतकी घाई काहून करते रे?"

"काकू, समोरच्यांचा अर्ध्या सेकंदात फोटो घेतो. म्हणून आपलाही."

"तिथंच चुकते," काकू म्हणाल्या. "शाळेत तीस वर्षं वर्गाचे फोटो काढले मी. फोटोवाल्याले मी आधी थांबवत होते. पोरं केस नीट करत, कॉलर नीट करत, मी पदर नीट करत होते. मग एकदा सगळ्यांचा श्वास सुटला, का चेहरे चेहऱ्यासारखे दिसत. आधी माणसाले माणसासारखं बसू तं दे!"

स्नेहलने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. माझ्याकडे बघितलं. मला ब्रॅडचा लाल चेहरा आठवला. तिलाही तोच आठवला असणार. "आई," ती म्हणाली, "तुला नीटनेटकं व्हायला किती वेळ लागतो?"

काकूंनी उजवा हात डाव्या खांद्यावर नेला, पदर वर ओढून बसवला, चष्मा सारखा केला, आणि श्वास सोडला. मी मोजले. तीन सेकंद.

*

"तीन सेकंद?" ब्रॅड ओरडला. "पहिल्यांदा चेहरा बघताना तीन सेकंद फोन नुसता थांबणार? समोरच्यांकडे आहे का?"

"नाही," स्नेहल म्हणाली.

"मग..."

"ब्रॅड, तुझाच फोन तू हसलास की उघडत नाही," स्नेहल म्हणाली. साहेबांसमोरची ती दुपार ब्रॅडच्या चांगलीच लक्षात होती.

आता प्रश्न आला की त्या तीन सेकंदांत माणसाने करायचं काय? लोक गोंधळून पुन्हा दगडासारखे बसायचे. स्क्रीनवर काहीतरी दाखवायला हवं होतं. स्नेहलने आईचा व्हिडिओ काढून काइलला दिला आणि म्हणाली, "असं काहीतरी कर."

काइल भलताच प्रामाणिक. त्याने व्हिडिओ बघून बघून रेघांची एक छोटी आकृती काढली. ती आकृती उजवा हात डाव्या खांद्यावर नेते, काहीतरी वर ओढून बसवते, चष्मा सारखा करते, खांदे सैल सोडते. साडीबिडी काही नाही. नुसतं रेघांचं माणूस, कुठलाही पदर नसताना पदर घेतंय!

मी म्हटलं, "काइल, अरे, ते खांद्याचं काढून टाक. ते यात बसत नाही."

काइल म्हणाला, "टेस्टमध्ये लोकांना तेच आवडतं! खांद्याला हात लावला की माणूस सरळ बसतो."

आणि खरंच होतं ते. अमेरिकन माणसं, टी-शर्टवाली, हुडीवाली, आमच्या लॅबमध्ये खांद्यावर हात फिरवायची, ताठ बसायची, मग सैल व्हायची, आणि नंतर फोन त्यांना बरोब्बर ओळखायचा. मी आणि स्नेहल एकमेकांकडे बघायचं टाळायचो. शेवटी ते खांद्याचं तसंच ठेवलं.

*

टेस्टचा दिवस उजाडला. टेबलावर दोन फोन, पलीकडे साहेब, आणि ऑफिसातून धरून आणलेले दहा-बारा जण. सगळ्यांनी आधी दोन्ही फोनना चेहरा दाखवला. मग जेवणानंतर पुन्हा यायचं. कुणी पावसाची टोपी घालून आलं, कुणी टाको चावत. स्नेहलने आईलाही व्हिजिटर बॅज लावून आणलं होतं. काकूंना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

टोपीवाल्यांपर्यंत बरोबरी होती. स्नेहल तर बोलतच नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे परिस्थिती गंभीर!

मग काकू आल्या. समोरच्यांचा फोन हातात घेतला. उघडेना. त्यांनी ओळखलं काय ते. श्वास रोखला, डोळे वटारले. उघडला! साहेब खुर्चीत मागे सरकले. काकूंना त्यांचं ते दचकणं बघून इतकं हसू फुटलं की चष्मा नाकावर घसरला, डोळ्यांत पाणी आलं. तशाच हसत हसत त्यांनी आमचा फोन उचलला.

टक्कन उघडला!

शेवटी ब्रॅड. समोरच्यांच्या फोनला त्याने सकाळी टेन्शनमध्ये चेहरा दाखवला होता. आता तो हसला. तो फोन उघडेना. आमचा उचलला. हसला. उघडला. चिडून बघितलं. उघडला. जीभ काढून दाखवली. तरी उघडला! साहेबांनी टाळी वाजवली. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली?

साहेब बाहेर जाताना म्हणाले, "टीम राहणार." स्नेहलने आईला तिथेच मिठी मारली. काकू तिच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "एवढं काय झालं? एक फोन तं उघडला." मग स्नेहलने त्यांना सगळं सांगितलं. व्हिसाचं, साठ दिवसांचं. काकूंनी पर्समधून रुमाल काढला, आधी लेकीचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे.

ब्रॅड मात्र अजून अस्वस्थ. हळूच विचारतो, "पण हे तीन सेकंद... समोरच्यांकडे नाहीतच ना?"

स्नेहल म्हणाली, "येतील!"

*

पुढच्या वर्षी काकू पुन्हा आल्या तेव्हा समोरच्यांच्या नव्या फोनचं लाँच होतं. आम्ही सगळे सकाळीच स्नेहलकडे जमलो. ब्रॅड नागपुरी झणझणीत तर्री पोहे खाऊन तीन ग्लास पाणी प्यायला होता. काइल सोफ्याच्या हातावर बसला होता. टीव्हीवर स्टेज, हजारभर माणसं, आणि काळ्या टी-शर्टमधला त्यांचा मोठा साहेब.

तो गंभीर आवाजात म्हणाला, "या फोनमध्ये आम्ही एक क्रांतिकारी गोष्ट आणली आहे. पहिल्यांदा चेहरा बघण्याआधी हा फोन तीन सेकंद थांबतो. प्रदीर्घ संशोधनातून आम्ही माणसाच्या शरीराची ती एक हालचाल शोधून काढली, जिच्यामुळे त्याचा खरा चेहरा समोर येतो."

ब्रॅडच्या हातातला चमचा खाली पडला.

साहेबाने फोन समोर धरला. उजवा हात डाव्या खांद्यावर नेला आणि सावकाश काहीतरी वर ओढून बसवलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी त्याने ते पुन्हा केलं. मग सगळ्या प्रेक्षकांना उभं करून त्यांच्याबरोबर तिसऱ्यांदा केलं.

काकूंनी चष्मा सारखा केला, टीव्हीजवळ गेल्या आणि नीट निरखून बघितलं.

"पदर तं बराबर घेतला पोट्ट्यानं," त्या म्हणाल्या. "पण घडीघडी सरकून राहिला वाटते. सिल्कची असंन."