म्हातारीला कोण धरणार?

आमच्या गल्लीत पिठाची गिरण चालवणाऱ्या मावशी गिरण बंद असली तरी ओरडूनच बोलतात. पंचगंगेचं पाणी याआधी गल्लीत शिरलेलं आहे, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्या दारोदार फिरून एकच प्रश्न विचारतात, "पूर आला तर तुमच्यातलं कुणाला चालता येत न्हाय?"

माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिला खुर्चीत बसवूनच उचलावं लागतं. मी म्हटलं, "मी नेईन की."

"एकटा? खुर्चीसकट?" असं म्हणत त्यांनी शेजारच्या घरातल्या माणसाला हाक मारली. भिंतीच्या वादापासून आमचं दोघांचं बोलणं बंद होतं. "ह्याच्या आईला तू धरायचंस. एकमेकाशी बोलू नगा, पण म्हातारीला पाडू नगा."

त्याच पावसाळ्यात एका दुपारी पाणी चढलं. मी आईला खुर्चीत बसवतोय तोवर तो दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं खुर्चीची एक बाजू उचलली. कोपऱ्यावरच्या उंच घरात आईला वर पोचवल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "मावशींना आणाय कोण गेलंय?"

कुणीच गेलं नव्हतं. सगळ्यांची सोय लावताना त्यांनी स्वतःसाठी कुणाला सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघं परत फिरलो. मावशी गिरणीच्या दारात गुडघाभर पाण्यात उभ्या राहून दुसऱ्यांनाच हाका मारत होत्या.

"मला कशाला न्यायचं? माझी मी येते की!" त्या आमच्यावर खेकसल्या. पण आमच्या दोघांचे दंड त्यांनी असे गच्च धरले, की वर पोचल्यावरही बराच वेळ सोडले नाहीत.