तासाभराची कॉफी, चार दिवसांचा मुक्काम

माझा मावसभाऊ मित्री आमच्या गावचा न्हावी. गाव डोंगराच्या पार वर, बैरूतहून निघालेली बस जिथे धापा टाकत थांबते तिथे. बेचाळीस वर्षं गावातल्या झाडून सगळ्या माना त्याच्या वस्तऱ्याखालून गेल्या, पण कुणाला साधा ओरखडा नाही. स्वभाव गरीब. फक्त एक थाप तो वर्षानुवर्षं मारत आला होता.

त्याची बायको लवकर गेली, तेव्हापासून घरात स्वयंपाक तोच करायचा, आणि काय करायचा! अंजिराचा मुरंबा, लोणची, भरलेली वांगी, सगळं. पण पुरुषमाणूस मुरंबा घालतो म्हणून लोक हसतील, या धास्तीने तो सांगायचा, "हे सगळं आमच्या लमियाच्या हातचं." लमिया त्याची एकुलती एक लेक, तेहतीस वर्षांची. शाळेची बस चालवायची, इंजिन उघडून दुरुस्तही करायची. पण अंडं उकडायला ठेवलं तर भांडं जाळायची.

तर त्या फेब्रुवारीत तिला बघायला खालच्या गावाहून पाहुणे आले. मुलगा वदीअ, गणिताचा मास्तर, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. त्याची आई नजीबा, तिच्या तोंडाला मात्र उसंत नाही. आणि वडील, ज्यांना सगळे अबू वदीअ, म्हणजे वदीअचे बाबा, म्हणत. त्यांच्या मिशा दारातून त्यांच्या आधी आत आल्या. मुलीला आई नाही, म्हणून मित्रीने मलाही बोलावून घेतलं होतं.

"तासभर बसतो, कॉफी घेतो आणि निघतो," नजीबा म्हणाली. कॉफी झाली, मुरंबा झाला, "मुलीच्या हाताला चव आहे हो," असं दोनदा म्हणून झालं. निघायला म्हणून दार उघडलं, तर बाहेर अंगणच नव्हतं. पाहुण्यांची गाडीही नव्हती. नुसतं पांढरं, आणि वरून ढिगाने पडतंच होतं. वीज गेली. घाटही बंद झाल्याचं कळलं.

"बसा हो वहिनी, घर तुमचंच आहे," मित्री म्हणाला, आणि मला बाजूला ओढून कुजबुजला, "ताई, मेलो. आता यांना जेवायला कोण घालणार?"

"तूच घाल."

"त्यांच्यासमोर?"

लोखंडी शेगडी एकाच खोलीत, त्यामुळे सहाही जणांच्या गाद्या तिच्याभोवती पडल्या. पहिल्या दिवशी मित्री "जळण बघून येतो" म्हणत पाच वेळा स्वयंपाकघरात गेला. जळण एकदाही आलं नाही, सूप मात्र आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नजीबा पाणी प्यायला उठली, तर हा पठ्ठ्या बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधून कणीक मळतोय!

"मित्रीभाऊ!"

"मी... मी हिला मदत..."

"कुणाला? पोरगी कुठाय?"

पोरगी छतावर होती. छप्पर भाराने खचू नये म्हणून फावड्याने बर्फ ढकलत होती. वदीअ मास्तर "मी मदत करतो" म्हणाले (आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य), वर चढले, दोन फावडी मारली आणि तिसऱ्यासोबत स्वतःही खाली गेले. बर्फाच्या ढिगात छातीपर्यंत रुतले. लमियाने खाली येऊन कॉलर धरून त्यांना उपटून काढलं.

"लागलं का?"

"नाही. तुमचं फावडं हरवलं."

"आधी बूट शोधा. एकच दिसतोय."

दोघं इतकी हसली की मी खिडकीशी उभी बघतच राहिले. नजीबा मात्र फुगली. "बापाने रांधायचं आणि पोरीने छतावर चढायचं, ही कसली रीत?" म्हणून तोंड फिरवून बसली. मित्रीने तिच्यासमोर सूप ठेवलं. तिने ते रागारागाने प्यायलं. मग रागारागाने आणखी मागितलं.

तिसऱ्या दिवशी शेगडीची आच मंदावली. "मी बघतो," म्हणत अबू वदीअ झाकण उचलून वाकले. भस्सकन ज्वाळा आली. माणूस धडधाकट, पण डावी मिशी गेली!

"घाबरू नका. माझं कामच आहे हे. दोन्ही बाजू सारख्या करून देतो," मित्री म्हणाला. त्याने उजवी थोडी कापली. जास्त गेली. मग डावी थोडी. मग पुन्हा उजवी. शेवटी नाकाखाली माशी बसल्यासारखं काहीतरी उरलं. ते बघवेना, म्हणून तेही काढून टाकलं.

अबू वदीअ वळले. नजीबाने लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याचा वरचा ओठ पाहिला आणि किंचाळली, "अगं बाई, सासूबाई!"

खरंच, हुबेहूब तिची दिवंगत सासू. बावीस वर्षं तिने जिच्याशी भांडण्यात काढली, ती समोर बसलेली.

"सुपात मीठ कमी आहे," अबू वदीअ पुटपुटले.

"तेव्हाही तुमचं हेच!" नजीबा तडकली. "मी काहीही केलं तरी मीठ कमी!"

"अगं, मी आहे मी! आणि सूप तू कुठे केलंयस?"

ती जी हसायला लागली ती थांबेना. डोळे पुसत मित्रीला म्हणाली, "भाऊ, तुम्ही उगाच लपवत होतात हो. मला सासूने बावीस वर्षं चुलीपुढे उभं केलं. या पोरीला कुणी उभं केलं नाही, बरंच झालं."

वदीअने घसा साफ केला. "मला पाव भाजता येतो," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

लमिया म्हणाली, "मला खाता येतो."

चौथ्या दिवशी दुपारी बर्फ काढणारं यंत्र घाट चढून आलं. पाहुण्यांची गाडी लमियानेच फावड्याने उकरून सुरू करून दिली. लग्न वसंतात करायचं ठरलं होतं, पण अबू वदीअ मिशांशिवाय फोटोला उभे राहीनात, म्हणून जूनपर्यंत लांबलं. मित्रीने दीडशे माणसांचा स्वयंपाक एकहाती केला. भर मांडवात, तोच फुलाफुलांचा एप्रन बांधून. कोणी हसलं नाही. आता दुकानात दाढीला बसलेली गिऱ्हाईकं त्याला मुरंब्यात साखर किती घालायची ते विचारतात, आणि तो वस्तरा हवेत धरून सविस्तर सांगत बसतो, साबण गालावर वाळेपर्यंत.