तेरा नंबरचा हँडब्रेक

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं पोस्टिंग लष्कराच्या श्रीनगरमधल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होतं. मी नाईक गायकवाड, ड्रायव्हर, राहणार उल्हासनगर, कॅम्प चार. माझ्या पुढच्या गाडीवर लान्स नाईक भोईर, वांगणीचा. दोघं एकदमच रजेवर जायचो आणि एकदमच परतायचो. खिंड बर्फाने बंद होण्याआधी लेहकडे रॉकेल आणि रेशन चढवायचं, हे आमचं काम. ऑक्टोबरात फेऱ्यांवर फेऱ्या लागत. झोप चार तासांची, तीही नशिबात असली तर.

रजेवरून येताना प्रत्येकाने गावची वस्तू आणायची, ही कंपनीतली पद्धत. भोईर सुके बोंबील आणायचा. अख्खी बरॅक नाक मुरडायची आणि तेच आधी संपवायची. त्या वर्षी मी गोळ्या आणल्या. उल्हासनगरात आमच्या कॅम्प चारमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून हायवेचे ट्रकवाले त्या न्यायचे. एक घेतली की झोप पार उडायची. पुडी बांधताना दुकानदार एवढंच म्हणाला, "फौजी, बीपीवाले को मत देना." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

मला ठाऊक होतं. परतीच्या प्रवासात भोईरने हसत सांगितलं होतं, की वांगणीच्या डॉक्टरने प्रेशर जास्त असल्याची चिठ्ठी दिली आहे आणि ती त्याने घरीच ठेवली आहे. चिठ्ठी दाखवली की मेडिकल कॅटेगरी खाली, आणि कॅटेगरी खाली म्हणजे स्टिअरिंग गेलं. तरी गोळ्या वाटताना मी त्याला वगळलं नाही. मी स्वतः रोज खात होतो आणि मला काही होत नव्हतं, एवढाच माझा पुरावा.

त्या दिवशी कॉन्व्हॉय ०४३० ला ट्रान्झिट कॅम्पमधून निघायचा होता. भोईरची गाडी तेरा नंबर, माझी चौदा. बॉनेटशी उभा राहून तो कपाळ दाबत होता. मी म्हटलं, एमओला, डॉक्टरसाहेबांना दाखव, एक गाडी उशिरा गेल्याने लेह उपाशी मरत नाही.

"काय नाय रं, हाइटचं डोकं हाय," तो म्हणाला. "दे एक."

उंचीवर डोकं सगळ्यांचंच दुखतं, म्हणून तिथे दुखणारं डोकं कुणी मनावर घेत नाही. मीही घेतलं नाही. आदल्या संध्याकाळी त्याने एक खाल्ली होती. मी दुसरी दिली.

०९२० ला खिंडीच्या चढावर तेरा नंबर उजवीकडे सरकायला लागली. उजवीकडे दरी. मी हॉर्न दाबून धरला. तिचं पुढचं चाक कडेच्या दगडांना घासलं, गाडी हातभर मागे आली आणि थांबली. मी उतरून धावलो, चाकामागे दगड लावला आणि डावीकडून केबिनमध्ये चढलो.

भोईरचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. उजवा पाय ब्रेकवरून घसरला होता. तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हता. डाव्या हाताने मात्र त्याने हँडब्रेक पूर्ण खेचून धरला होता. गाडी रॉकेलने भरलेली. ती मागे घरंगळली असती तर पहिला मीच होतो.

कॉन्व्हॉयच्या सुभेदारसाहेबांच्या जीपमधल्या वायरलेस सेटवरून निरोप गेला. "गाडी नंबर तेरा. ड्रायव्हर कॅज्युअल्टी. नीचे ला रहे हैं. ओव्हर."

कॉन्व्हॉयबरोबरच्या नर्सिंग असिस्टंटने उंचीचा त्रास समजून ऑक्सिजन लावला आणि मला विचारलं, "कुछ खाया था?" मी मिठाची गुळणी धरली. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, नोकरी, घरी म्हातारी आई, सगळं डोळ्यांपुढे आलं. त्या गुळणीची मला आजही लाज वाटते. ११०५ ला खालच्या एमआय रूममध्ये डॉक्टर कॅप्टननी तोच प्रश्न केला, तेव्हा मी खिशातली पुडी टेबलावर ठेवली.

कॅप्टन नागपूरचे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. जागा माणूस म्हणजे मेंदूला भरपूर रक्त मिळणारा माणूस, असं नसतं, ते म्हणाले. अशा गोळीने डोळे उघडे राहतात, पण प्रेशर चढतं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळू शकतात. ज्याचं प्रेशर आधीच जास्त, त्याची एखादी तुंबते, नाहीतर फुटते.

"सर, मी वरच सांगितलं असतं तर?"

"कदाचित फरक पडला नसता," ते म्हणाले. "कदाचित."

१४१० ला भोईर गेला. त्याचा डावा हात माझ्या हातात होता.

इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. बाहीवरची एक स्ट्राइप गेली, हुद्दा उतरला. शिक्षा कमीच झाली, असं माझं मत आहे.

पुढच्या रजेत मी आधी वांगणीला गेलो. ओटीवर बसून भोईरच्या बायकोला, सुनंदावहिनींना सांगितलं, की गोळ्या माझ्या होत्या आणि प्रेशरचं मला माहीत होतं. त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी गेलो होतो. त्या आत गेल्या आणि एक चिठ्ठी घेऊन आल्या.

"मीच बोलली त्यांना, ही फौजेत दाखवू नका," त्या म्हणाल्या. "डायवर म्हनून लय मान व्हता त्यांना."

मग आम्ही दोघंही रडलो.

आता मी बदलापुरात, बेलवलीला राहतो. दर वर्षी त्या तारखेला वांगणीला जातो. भोईरच्या फोटोला हार घातला की वहिनी हात पुढे करतात. "भाऊजी, चिठ्ठी."

मी त्याच आठवड्यात तपासलेल्या माझ्या बीपीची चिठ्ठी खिशातून काढून देतो. ती वाचून झाल्याशिवाय त्या घरात मला चहा मिळत नाही.